दोन मिलिमीटर

आमचे खापरपणजोबा बडोद्याच्या संस्थानी फौजेत घोडेस्वार होते. त्यांची तलवार घरात आहे. तिने दसऱ्याची फुलं मिरवली आणि एकदा, माझ्या मुंजीत, एक कलिंगड कापलं. याखेरीज तिचा पराक्रम माझ्या पाहण्यात नाही. मी मात्र चौतीस वर्षं रोज लढलो. शत्रू एका वेळी कमीत कमी दहा कोटी. हत्यार म्हणजे टोकाला फास वळवलेली एक बारीक तार. आणि नोकरी अशी विचित्र, की शत्रूला आधी खाऊपिऊ घालून वाढवायचं, मग तो कशाने मरतो ते बघायचं.

शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात, जंतू तपासायच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होतो. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, तिथे मला अजून सांधेदुखीसाठी जावं लागतं. नागरवाड्यात लोक मला जंतूवाले जगताप म्हणतात. गल्लीत दुसरे जगताप आहेत, ते विम्यावाले. लोक त्यांना जास्त टाळतात.

त्या काळी माझ्या नाकाची ख्याती होती. जंतूंना वास असतो, ही थाप नाही. एक जंतू पिकलेल्या द्राक्षांसारखा घमघमतो, एकाला उंदराच्या बिळासारखा दर्प असतो, एक आंबलेल्या ताकाच्या गोत्रातला. एकदा तळमजल्यावर भाजलेल्या रुग्णाची खाट लिफ्टमध्ये चढवत होते आणि मी तिसऱ्या मजल्यावर डबा खात होतो. लिफ्टचं दार उघडायच्या आत मी जंतूचं नाव सांगितलं, तो कुठल्या वॉर्डात लागला ते सांगितलं आणि त्याला कुठली तीन औषधं चालणार नाहीत तेही सांगितलं. तीन दिवसांनी अहवाल आला, शब्द न् शब्द बरोबर. ही गोष्ट मी निदान दोनशे लग्नांच्या पंगतीत सांगितली असेल. तो रुग्ण पुढच्या आठवड्यात गेला, एवढं मी सांगताना गाळतो. आज गाळत नाही.

आता धंदा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

वॉर्डातून पू, लघवी, रक्त, थुंकी, जे येईल ते आमच्याकडे येतं. काचेच्या झाकणाच्या ताटल्यांत आम्ही जंतूंचं जेवण ओतून ठेवलेलं असतं. ते खरवसासारखं थिजतं. त्या खरवसावर नमुना सारवायचा आणि उबेत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ठिपके उगवतात. त्यातला एक ठिपका तारेने उचलायचा, त्याचे वंशज नव्या ताटलीभर पसरायचे आणि वर औषधात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या, बायका कपाळाला लावतात तेवढ्या. तिसऱ्या दिवशी ताटलीभर जंतूंचं गवत माजलेलं असतं. जे औषध चालतं, त्याच्या टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. खुंटीला बांधलेली शेळी दोरी पोचेल तेवढंच गवत खाते, तसं. मग पट्टी घेऊन वर्तुळाची रुंदी मोजायची आणि भिंतीवरच्या तक्त्याशी ताडायची. तक्त्यातल्या आकड्याएवढी किंवा जास्त भरली तर औषध चालेल. कमी भरली तर नाही. डॉक्टरांचं सगळं शास्त्र शेवटी आमच्या सहा इंची पट्टीवर येऊन टेकतं, हे त्यांना आवडत नाही, पण आहे ते असं.

तीन दिवस लागतात, हे मात्र कोणालाच पटत नाही. वाघोडियाचे एक शेठ होते, त्यांना आईच्या लघवीचा अहवाल त्याच दिवशी हवा होता. पहिल्याच दिवशी किलोभर लीलो चिवडो घेऊन हजर. म्हणाले, “काका, कंई करीने आजे ज आपी दो ने.” मी चिवडा ठेवून घेतला आणि त्यांना गंभीरपणे सांगितलं, की हे अस्सल बडोद्याचे जंतू आहेत, दुपारी एक ते चार शटर पाडून झोपतात, चारच्या आत एकही उगवणार नाही. शेठ स्वतः बडोद्यात दुकान चालवून चुकले होते. त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि बरोबर चारला परत आले. असे तीन दिवस आले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना ताटली दाखवली. बारा टिकल्या, वर्तुळं दोन. बाकीच्या दहांचं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ती दहा औषधं तुमच्या बांच्या जंतूंनी आधीच चाखून पाहिलेली दिसतात. शेठ म्हणाले, बा तर डॉक्टरकडे जातच नाहीत, घरात कोणाची ना कोणाची गोळी उरलेली असते, तीच घेतात. मी त्यांना अर्धा तास झापलं. शेठ हात जोडून ऐकत होते. हे झापणं तेवढं लक्षात ठेवा.

मी नोकरीला लागलो तेव्हा वर्तुळं एवढी मोठी पडायची की एकमेकांत घुसायची, कुठलं कुणाचं ते कळायचं नाही. शेळ्या माजल्या होत्या म्हणा ना. पुढे दोऱ्या आखूड होत गेल्या. आम्ही पाहत होतो. रोज पाहिलं की केस पांढरे होताना दिसत नाहीत, तसं झालं. रुग्णालयातला जंतू गल्लीतल्या जंतूपेक्षा हुशार, कारण सगळी औषधं त्याच्या घरीच राहतात. तो एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो तो पायी नाही, आमच्याच हातांवर बसून. एका बड्या सर्जनना हे मान्य नव्हतं. मी त्यांना म्हटलं, साहेब, ताटलीवर जरा पाच बोटं टेकवा. दुसऱ्या दिवशी त्यांचा पंजा असा उगवला होता, की हस्तरेषावाल्याने भविष्य सांगावं. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण हात धुवायला लागले. मग पुन्हा विसरले. माणसं विसरतात, त्यात नवल नाही. जंतू विसरत नाहीत.

शेवटच्या वर्षांत अशा ताटल्या यायला लागल्या, की बारा टिकल्या आहेत आणि गवत प्रत्येकीच्या काठाला भिडलेलं. शेळी जणू उपाशीच मेली. आमच्या विभागप्रमुख पारेख मॅडम अशी ताटली खिडकीशी नेऊन धरायच्या, उगाच तिरकी करून पाहायच्या आणि मग म्हणायच्या, “लखी दो, जगतापभाई.” मी लिहायचो. वर वॉर्डात तो कागद कोणीतरी वाचत असेल, याचा विचार करायचा नाही, असा मी नियम केला होता. नियमामुळे झोप लागायची. थकवा जायचा नाही.

आता डब्याची गोष्ट.

माझ्या घरी भाकरवडीचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. भाकरवडी कधीच संपलेली. त्यात औषधं असायची. औषध कंपन्यांचे लोक मॅडमना नमुन्याच्या पट्ट्या देत. मॅडम त्या केराच्या टोपलीत टाकायला सांगत. आणि मी शिपाईगड्याच्या घराण्यातला माणूस, चांगला माल टाकेन कसा? तो डब्यात जाई. गल्लीत कुणाला खोकला झाला, गळू झालं, लघवीला जळजळ झाली, की निरोप यायचा. मी ओट्यावर बसून विचारायचो, ताप किती, पिवळा की पांढरा, आणि मोठ्या थाटात पट्टी फाडून द्यायचो. तीन दिवस घ्या, बरं वाटलं की थांबा, उरलेल्या परत आणून द्या. अन्न टाकू नये तसं औषधही टाकू नये, अशी आमच्या गल्लीची शिस्त. लोक इमानदारीने परत आणायचे. चार गोळ्या, दोन गोळ्या, पाच नंबरच्या घरातली एक आजी तर अर्धी गोळी कागदात बांधून आणायची. त्या मी पुढच्याला द्यायचो.

तुम्ही म्हणाल, याला कळत नव्हतं का? दिवसभर मी अर्धवट औषधाने शहाण्या झालेल्या जंतूंच्या ताटल्या वाचत होतो. संध्याकाळी तेच जंतू शिकवायची शाळा ओट्यावर भरवत होतो. कळत होतं. पण ओट्यावर कोणी मला तंत्रज्ञ म्हणत नव्हतं. तिथे मी डॉक्टर होतो.

वसंता हा माझा मित्र. शाळेपासूनचा. बाजव्याच्या बाजूला रिफायनरीत फिटर होता, निवृत्त होऊन घरी बसला. बसला म्हणजे संध्याकाळी आखाड्यात मल्लखांब शिकवायला जायचा. साठी उलटल्यावरही हा माणूस खांबावर चढून मांड्यांची अढी घालायचा आणि दोन्ही हात सोडून खालच्यांना नमस्कार करायचा. त्याला साखरेचा आजार होता. तो म्हणायचा, माझ्या अढीत एवढा जोर आहे की साखर पायापर्यंत पोचूच शकत नाही.

पोचली. पुतण्याच्या लग्नात नव्या मोजड्या घातल्या, टाचेला फोड आला, त्याला कळलाच नाही. साखरेने पायाची जाणीव गेली होती. जखम झाल्यावर तो माझ्या ओट्यावर आला. मी डब्यातून दिलं. तीन दिवसांत सूज उतरली, त्याने उरलेल्या गोळ्या परत आणल्या. पंधरवड्याने पुन्हा सूज, पुन्हा डबा, जरा वरचं औषध. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्याची बायको, कुसुमवहिनी, एकटीच आली. म्हणाली, भावजी, पायाला वास येतोय. मी त्यांच्या घरी गेलो. हे नाक तिथे जिन्यातच थबकलं. त्या दिवशी कोणाला काही सांगितलं नाही. रिक्षा बोलावली आणि त्याला आमच्या रुग्णालयात भरती केलं.

सर्जनने स्पष्ट सांगितलं. जंतू हाडात शिरलेत. चालणारं एखादं औषध असेल तर दोन बोटं आणि टाचेचा तुकडा काढून पाय वाचवून बघतो. नसेल तर गुडघ्याखाली कापावा लागेल, आणि लवकर, नाहीतर विष वर चढेल. जंतूंवर जे अगदी ठेवणीतलं औषध असतं, ते वसंताच्या मूत्रपिंडांना झेपणार नव्हतं. म्हणजे सगळं आमच्या ताटलीवर आलं. जखमेतला पू खाली आला. बाटलीवर वसंताचं नाव होतं. मी तिला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ठिपके उगवले. बुळबुळीत, फुगीर. तारेने उचलले तर गुलाबजामच्या पाकासारखी तार लागली. मी ओळखलं कोण आहे ते. टिकल्या ठेवल्या. बाहेर व्हरांड्यात वहिनी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, “तुम्ही आत आहात, म्हणून मला घोर नाही, भावजी.”

असं वाक्य कोणी बोलू नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताटली काढली. अकरा टिकल्या कोरड्या. गवत काठाला भिडलेलं. बाराव्या टिकलीभोवती वर्तुळ होतं. मी इतका आनंदलो की हात पुसून घेतले. पट्टी लावली. अठरा. तक्त्यात त्या औषधासाठी वीस लिहिलं होतं.

मी पुन्हा मोजलं. अठरा. ताटली फिरवून मोजलं. अठरा. वर्तुळाची कड जिथे जरा पुसट होती तिथून मोजलं, तर ओढूनताणून एकोणीस म्हणता आलं असतं.

या जगात मी काय फुगवून सांगितलेलं नाही? उत्तरायणात मी एका मांज्याने काटलेल्या सत्तावीस पतंगांची गोष्ट सांगतो, तेव्हा वसंता मागून ‘नऊ’ असं बोटांनी दाखवतो. खापरपणजोबांच्या घोड्याने विश्वामित्री नदी एका उडीत ओलांडली, असं मी शाळेत सांगितलं होतं. पण चौतीस वर्षांत मिलिमीटर मी कधी फुगवला नाही. खोटं बोलायला बाकी सगळं बडोदं मोकळं होतं, म्हणून पट्टीवर खोटं बोलायची गरज पडली नसेल. त्या दिवशी पडली. वीस लिहिलं असतं तर पाय वाचवायचा प्रयत्न झाला असता. वरती सर्जन, बाहेर वहिनी, आणि मध्ये दोन मिलिमीटर, मुंगीच्या अंगाएवढे. मी पेन उचललं. दोनचा आकडा लिहिला. खरंच लिहिला, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. शून्य लिहायचं राहिलं होतं.

मग मी तो दोन खोडला, ताटली आणि नोंदवही उचलली आणि पारेख मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हटलं, मॅडम, आज डोळ्यांत काहीतरी गेलंय, तुम्ही वाचा.

मॅडमनी पट्टी लावली. “अढार,” म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. “तमारा केटला आव्या हता?”

“अढार,” मी म्हणालो.

त्यांनी नोंदवहीतला खोडलेला दोन पाहिला असेल. मॅडमच्या नजरेतून कधी काही सुटलं नाही. त्या फक्त हळू आवाजात म्हणाल्या, की वीस लिहून ते औषध चार दिवस दिलं असतं, तर गुडघाही गेला असता, कदाचित माणूसही. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच. “लखी दो, जगतापभाई,” त्या म्हणाल्या.

मी लिहिलं. कागद वर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी वसंताचा पाय गुडघ्याखाली गेला. माणूस राहिला.

तो जंतू माझ्या डब्यात शिकला की आमच्या वॉर्डात, हे कुठलीही ताटली सांगत नाही. गल्लीतला अर्धशिक्षित वसंताच्या पायात आधी होता, की ड्रेसिंग करताना रुग्णालयातला पदवीधर येऊन बसला, याची मी बरीच चौकशी केली. ड्रेसिंगची गाडी, नळाची तोटी, दाराची मूठ, सगळीकडून कापूस फिरवून ताटल्या लावल्या. खरं सांगायचं तर मला तो वॉर्डात सापडायला हवा होता. एका तोटीवर त्याच जातीचा एक सापडला. मी खूश झालो. पण तो नुसता चुलत भाऊ निघाला. त्याच्या टिकल्यांभोवती चार वर्तुळं होती.

वसंता घरी आल्यावर आठवड्याने कुसुमवहिनी ओट्यावर आल्या. हातात कागदाची पुडी. चौथ्या वेळच्या गोळ्या, चार शिल्लक होत्या. म्हणाल्या, “यांना आता लागणार नाहीत. कोणाच्या तरी उपयोगी पडतील, वाया नकोत.” चेहऱ्यावर काही राग नाही, टोमणा नाही. गल्लीची शिस्त त्या पाळत होत्या, मीच घालून दिलेली. शेठला झापलं होतं मी, अर्धा तास. वहिनींच्या हातून मी पुडी घेतली आणि बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी डब्यातलं सगळं रुग्णालयात नेऊन औषधं जाळायच्या पिवळ्या पिशवीत ओतलं. आता डब्यात भाकरवडी असते. लोक अजून येतात. मी भाकरवडी पुढे करतो आणि डॉक्टरांकडे जा म्हणतो. पाच नंबरची आजी म्हणाली, “जंतूवाला म्हातारा झाला, आता कोणाला मदत करत नाही.”

मी निवृत्त झालो. माझ्यामागे तिथे मशीन आलंय, ते स्वतःच वाचतं. त्याला मित्र नाहीत, हे बरंच आहे.

वसंता आता खुर्चीवर बसून मल्लखांब शिकवतो. कोणाची अढी ढिली पडली की खुर्चीतून काठी आपटतो. मागच्या उत्तरायणाला आम्ही दोघं गच्चीवर होतो. त्याला चौघांनी उचलून आणलं होतं. मी तो आकडा आठ सांगतो. फिरकी त्याच्या मांडीवर होती. पतंग वर स्थिर झाल्यावर त्याने सहज विचारलं, “त्या दिवशी तुझ्या ताटलीत काय झालं होतं रे? डॉक्टर म्हणाले, थोडक्यात चुकलं. किती थोडक्यात?”

मी म्हटलं, “दोन मिलिमीटर.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागला. इतका हसला की फिरकी हलली आणि पतंगाने गोता खाल्ला. म्हणाला, “जगतापा, आयुष्यभर नवाचे सत्तावीस केलेस. आणि आज माझं मन राखायला कमी करून सांगतोस? खरं सांग. वीतभर होतं ना?”

मी त्याला डबा सांगणार होतो. त्या दिवशी गच्चीवर मनाशी ठरवूनच गेलो होतो. पण दोन मिलिमीटर ज्याला खरे वाटले नाहीत, त्याला मी आणखी काय सांगणार? मी म्हटलं, हो, वीतभर. त्याचं समाधान झालं. ढील दे म्हणाला.

वसंता हा अंक विकत घेतो आणि माझं लेखन वाचून वहिनींना मोठ्याने ऐकवतो, कुठे कुठे फेकलंय ते पेन्सिलीने खुणा करत. तर वसंता, लिफ्टच्या गोष्टीत मी तिसऱ्या मजल्यावर नव्हतो, लिफ्टच्या दारातच होतो. पतंग नऊ होते. खापरपणजोबांचा घोडा विश्वामित्रीत पडला होता, असं आई म्हणायची. तिथे पाहिजे तेवढ्या खुणा कर.

डब्यावर करू नकोस. आणि ते दोनच होते.